जासईच्या मिठागरात माझे जंतू पोटभर जेवले

आधीच सांगते, चहाचा कप खाली ठेवून ऐका, नाहीतर नाकातून बाहेर येईल. एवढी फजिती माझी पुन्हा कधी झाली नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीला राहून मी एम.एस्सी. करत होते. विषय? जंतू! जासईला हौसाकाकूंचं मिठागर होतं. शेजारी ट्रेलर उभे राहायचे. एकाची टाकी फुटली आणि डिझेल थेट एका कोंडीत, म्हणजे मीठ पिकवायच्या चौकोनात! पाण्यावर काळपट तवंग. काकू कपाळाला हात लावून बसलेल्या.

मी छाती पुढे काढून गेले. "काकू, टेन्शन नको. डिझेल खाणारे जंतू असतात!"

"डिझेल खातान?"

"हो! पण हे एकट्याचं काम नाही. एक जण मोठे तुकडे तोडतो, दुसरा बारीक तुकडे खातो, तिसरा उरलंसुरलं. बाहेरून आणले तर या खाऱ्या पाण्यात मरतील. तुमच्याच चिखलातले हवेत, मिठाला सरावलेले. ते भराभर वाढावेत म्हणून मी फक्त थोडं खत घालणार."

"म्हंजे माज्याच मिठागरान राहतान, न अजून कामाला लागलं नाय? जल्ले आळशी!"

खत घातलं. आणि मोठ्या तोंडाने माझ्या गाईड सरांना सांगून बसले, 'दोन आठवड्यांत दाखवते!' मुदत संपता संपता शनिवारी जाऊन बघते तर काय, तवंग जसाच्या तसा. रविवारी सर येणार! उद्या सर बघायला येणार, एवढं काकूंना सांगितलं आणि रडवेली होऊन घरी आले.

रविवारी सरांना घेऊन पोचले, तर कोंडी लख्ख! मी उडीच मारली.

"सर, बघा! एका दिवसात!"

"महिने लागतात गं याला," सर चष्मा पुसत पुटपुटले.

"सर, जासईचे जंतू आहेत हे!"

गर्दी जमली. शेजारचा मिठागरवाला म्हणाला, "बादलीभर आमाला पन द्या." एक ट्रेलरवाला घाबरून विचारतो, "मॅडम, माज्या टाकीत शिरले तर?"

आणि मी काय बोलावं? "झाकण घट्ट लावा!"

आता तर सरही खूश. वाकून बाटलीत नमुना भरायला लागले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

"काय गो पोरी, बरं दिसतं ना आता? पावन्यांसमोर ती घान कशी ठेवायची? मी न माजी सून, गोनपाट न जुनी लुगडी घेऊन बसलो. काल सांजपर्यंत सगला टिपून काढला!"

सर वाकलेलेच राहिले. मला वाटलं, चिखलाने आत्ताच्या आत्ता मला पोटात घ्यावं.

"काकू," सर शांतपणे म्हणाले, "ती लुगडी कुठायत?"

"परसान वालत घातलीत."

सरांनी बाटली माझ्या हातात दिली. "जा, तिथून नमुना घे. तुझे जंतू तिकडेच जेवायला बसले असतील."

मग काय! लॅबमध्ये टबात तोच चिखल, तेच खारं पाणी, तेच डिझेल घेऊन पहिल्यापासून सुरुवात. आणि खरंच सांगते, काही महिन्यांनी जंतूंनी डिझेल संपवलं! खरोखर! मी नाचत रिपोर्ट सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो उघडलासुद्धा नाही. आधी जासईला फोन लावला.

"हौसाकाकू, खरं सांगा. इकडे कॉलेजात येऊन गेलात का?"