‘फुटका सायलेन्सर’वाला संजूमामा

माझ्या मामानं त्याच्या बापाला शिव्या घालून गानं केलं व्हतं.

आज त्या शिव्या म्या त्याच बापाच्या, आबांच्या कानात सांगितल्या. सगळ्या पावन्यांसमोर.

आज संजूमामाला जाऊन वरीस झालं.

ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. किकवीला हायवेच्या कडंला मामाचं मोटर रिवायंडिंगचं दुकान व्हतं. शेतातल्या पान्याच्या मोटरी जळल्या की लोकं त्याच्याकडं आनायची. लग्न केलं न्हाई त्यानं. म्या नववीतनं शाळा सोडली आन त्याच्यापाशी तांब्याची तार गुंडाळाय बसलो.

मला चारचौघांत बोलाय येत न्हाई. मामाला ते चालायचं. दोघं बी गप.

एकदा बाकाखालचं बाचकं वढलं, तर आत नुसत्या कॅसेटी.

कव्हरं सगळी झेरॉक्सची, हातानं चित्रं काढलेली. एकाबी बँडचं नाव कधी ऐकलेलं न्हाई. एक लावली आन मला वाटलं टेप बिघडली. मामाला तसं म्हनलो.

"बिघडली न्हाई रं. आमी असंच वाजवायचो."

आमी??

तवा कळलं, मामा पुन्यात कॉलेजला असताना त्याचा बँड व्हता. फुटका सायलेन्सर. मामा गिटार वाजवायचा आन वरडायचा. पंक म्हनत्यात असल्या वरडायच्या गान्यांना. रेकॉर्डिंग केलं एका मित्राच्या गाडीच्या शेडमदी. दुकानदार असल्या कॅसेटी ठिवून घेत नसायचे, मंग बँडवाली पोरं आपसातच बदलायची. तुझी मला, माझी तुला. बाचक्यातल्या बाकीच्या बी असल्याच. नागपूरच्या, गोव्याच्या, कुठल्या कुठल्या.

मंग आमचा तो धंदाच झाला. बुरशी आलेली टेप कापसानं पुसायची, तुटली तर चिकटवायची, वायर लावून मोबाईलमदी घ्यायची आन अपलोड करायची. मामा मधीच सांगायचा, ह्यो ड्रमवाला आता बँकेत हाय, टाय लावतो.

एक दिवस परदेशातनं कुनाची तरी कमेंट आली. फुटका सायलेन्सर तो लई वर्सं शोधत व्हता म्हने. म्या ट्रान्सलेट करून मामाला दावलं.

मामानं वाचलं. परत वाचलं.

मंग भाईर जाऊन उगंच एक चांगली चालू मोटर खोलत बसला.

त्या कॅसेटीतलं शेवटचं गानं आबांवर हाय. आबा मंजी माझे आजोबा, मामाचे वडील. शेताला मानूस पायजे म्हनून आबांनी मामाला कॉलेजातनं घरी आनला. यायच्या आदी त्यानं ते गानं केलं. त्याच्यानंतर गिटारला हात लावला न्हाई. आबांसमोर तर कधी आवाज बी चढवला न्हाई. पान्याची पाळी, खताची गोनी, जेवलास का. एवढंच बोलायचे दोघं.

"टाक, ह्ये बी टाक," मामा म्हनला. "आबांना कुठं ऐकाय येतंय."

मंग गेल्या वर्सी दुकानातच ॲटॅक आला. भोरला न्हेईस्तवर संपलं व्हतं.

आज जेवनं झाली. अंगनात पावनी बसलेली. मावशीच्या पोरानं स्पीकर जोडून मामाचं गानं लावलं. चांगल्या मनानंच लावलं त्यानं. नेमकं आबांवरचंच लागलं.

थोरले मामा त्याला खुनावाय लागले, बंद कर. पन आबा ओसरीतल्या खाटेवर उठून बसले व्हते. कोन वरडतंय, म्हनले. थोरली मामी बोलून गेली, आपला संजू हाय.

आबांनी स्पीकर मागून घेतला. कानाला लावला. काय म्हनतोय ह्यो, इचारलं. थोरले मामा म्हनले, भजन हाय.

"भजन म्हननारं पोरगं व्हय ते?"

आन माझ्याकडं बोट केलं.

"तू त्याच्यापाशी बसायचास. तू सांग."

थोरले मामा मागनं मान हालवत व्हते. नको, नको.

खोटं सांगायचं तरी आबांना सगळ्यांसमोर मोठ्यानंच सांगाय लागनार व्हतं.

वाकलो. म्हनलो, मी बैल न्हाई आबा.

"मोठ्यानं."

मी बैल न्हाई आबा.
माझी वेसन काढ.
तू बाप न्हाईस, तू दावं हाईस.

म्होरच्या शिव्या बी सांगितल्या. वरडून. एक बी गाळली न्हाई.

कवाचं हाय, आबांनी इचारलं. म्हनलो, घरी यायच्या आदीचं.

आबांनी स्पीकर खाटेवर ठिवला.

"मंजी एवढं पोटात ठिवून रोज माझ्यासंगं जेवत व्हता."

मंग भितीकडं तोंड करून पडले.

थोरल्या मामांनी मला घरामागं न्हेलं. बापाचं वय बघितलंस का, म्हनले. मेलेल्या पोराच्या शिव्या त्येंला ऐकवल्यास. आत्ताच्या आत्ता सगळीकडनं पुसून टाक.

ते काय चुकीचं बोलत न्हाईत. संध्याकाळी मामीनं दोनदा ताट न्हेलं. आबांनी हात लावला न्हाई.

म्या आबांच्या खाटेजवळ पायरीवर बसलो, मोबाईल काढला, डिलीटच्या बटनावर बोट पन न्हेलं. तेवढ्यात आबांनी हाक मारली. तोंड भितीकडंच.

"त्याला काय उलट सांगायचं आसलं, तर त्या मोबाईलमदी सोय हाय का?"

न्हाई म्हनलो. दोनदा सांगाय लागलं.

"मंग ऱ्हाऊ दे. वरडू दे त्याला."

म्या बरं केलं का वाईट, मला खरंच कळंना. थोरले मामा माझ्यासंगं बोलंनात. आबांच्या खाटेवरची लाईट अजून चालूच हाय.

संजूमामा, गानं पुसलेलं न्हाई.

तुला तुझ्या भाच्याचा रामराम.