दोन बॅटऱ्या आणि एक हिरवा दिवा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर शेखभाईंचं दुकान आहे. मूळ धंदा डीजेचे स्पीकर दुरुस्त करण्याचा. पण टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले नाना आणि टीव्ही दुरुस्ती बुडाल्यावर रिकामा झालेला मी तिथं बसायला लागलो, आणि बंद पडलेली रुबिडियम जिवंत करण्याचा उद्योग सुरू झाला. जिवंत होतात थोडी, किस्सेच जास्त साठतात!

रुबिडियम म्हणजे जुन्या मोबाईल टॉवरमधून निघालेला विटेएवढा डबा. आत रुबिडियम धातूचा इवलासा दिवा असतो. त्याच्या जोरावर डबा ठोका इतका अचूक धरतो, की बाकीची यंत्रं त्याच्याशी ताडून बघतात. आतलं सगळं जुळलं की बाहेर हिरवा दिवा लागतो. त्यासाठीच आमचा सगळा आटापिटा.

*

शेजारच्या ढाब्याच्या मालकानं एकदा विचारलं, "नाना, हे काय हाय?"

नाना फुशारकीनं म्हणाले, "अणुघड्याळ!"

त्यानं डबा चारी बाजूंनी फिरवून बघितला. "मंग वाजले किती?"

"ते न्हाई सांगत."

"मंग घड्याळ कावून म्हनायचं?"

नानांनी डबा त्याच्या हातातून काढून घेतला.

*

डब्याला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणजे गाडीच्या दोन बॅटऱ्या जोडून. दुकानात होती एकच. दुसरी नानांनी समोर उभ्या असलेल्या अंकुशरावांच्या पिकअपमधून काढली. "पाच मिनिटांचं काम. त्यांना कळनार बी न्हाई."

अंकुशराव निघाले होते टोमॅटो घेऊन बाजाराला. किल्ली फिरवली, गाडी ढिम्म! चौघांनी ढाब्यापर्यंत ढकलली, घाम गाळला, मग कुणीतरी बॉनेट उघडलं.

अंकुशराव तणतणत दुकानात आले. "नाना, इचारलं कावून न्हाई?"

"तुमी न्हाई म्हनला असता."

अंकुशरावांनी जरा विचार केला. "ते बी खरं हाय."

*

एक डबा ठोका धरेना. नानांनी दोन दिवसांत आतले निम्मे कपॅसिटर बदलले. तिसऱ्या दिवशी शेखभाईंनी उघड्या डब्याशेजारी ठेवलेलं स्पीकरचं लोहचुंबक उचललं आणि मीटरवरचा आकडा सरळ! लोहचुंबक जवळ असलं की हा डबा बिथरतो, हे आम्हा दोघांना पाठ होतं.

नाना म्हणाले, "दोन दिवस कावून न्हाई उचललं?"

"मेरेकू लगा, वो भी मशीनकाच हिस्सा है!"

*

माजलगावकडच्या एका कॉलेजातल्या जाधव मॅडम आपला डबा घेऊन आल्या, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सोमवारी कमिटी येणार होती. हा डबा बंद दिसला तर त्यांची लॅब दुसऱ्या जिल्ह्यात हलवणार होते. बारा वर्षांत एकेक यंत्र जमवून मॅडमनी ती उभी केली होती.

आतला दिवाच पेटत नव्हता. धातू काचेवर नको तिथं जमून बसला होता. यावर उपाय एकच, गरम हवेच्या गननं काच शेकायची. कमी शेकली तर उपयोग नाही, जास्त शेकली तर तडकते. नाना शेकत होते, मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या.

दिवा जांभळट गुलाबी पेटला. पाच-सहा मिनिटांनी बाहेरचा हिरवाही लागला. आमचा जीव भांड्यात पडला! मॅडम डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "आता सोमवारी तुम्हीच आणून लावा."

*

सोमवारी अंकुशरावांच्या पिकअपमधून आम्ही डबा नेला, लावला. कमिटी दारात आली आणि लाईट गेली. हिरवा दिवा विझला!

कमिटीचे साहेब म्हणाले, "बंद आहे का? मग तसंच लिहितो."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. नाना म्हणाले, "साहेब, तवर चहा घ्या," आणि अंकुशरावांना घेऊन बाहेर सटकले. पाच मिनिटांत दोघं एकेक बॅटरी खांद्यावर घेऊन हजर. टेबलाखाली ठेवून जोडल्या. कपबशा रिकाम्या झाल्या. मग हिरवा दिवा लागला. साहेबांनी 'चालू' लिहिलं, सही केली. मला तर नानांना मिठीच मारावीशी वाटली.

तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर धापा टाकत आला. "साहेब, आपल्या गाडीत बॅटरीच न्हाई!"

साहेबांनी टेबलाखाली पाहिलं. मग सही केलेल्या कागदाकडं. मग नानांकडं.

"विचारलं का नाही?"

नानांच्या आधी अंकुशरावच म्हणाले, "तुमी न्हाई म्हनला असता."