सहाची प्रॅक्टिस

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आईजवळसुद्धा नाही — आणि आईला मी एरवी कॅन्टीनमध्ये काय खाल्लं तेही सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा तुकोगंजमध्ये एका दवाखान्याच्या दारावर गार्ड आहेत. दुसऱ्या वर्षाला मला पथनाट्याच्या ग्रुपची लीडर केलं, तेव्हा त्यांनी तिथल्या डॉक्टरांनाही सांगितलं. मी मन लावून करायचे. प्रॅक्टिस संपली की सगळ्यांना गोल बसवायचे आणि विचारायचे — माझं काय चुकतंय, मोकळेपणाने सांगा. कुणी काही सांगायचं नाही. मला ते आवडायचं. तेव्हा ते कळत नव्हतं — की कळत होतं?

मग एकदा वर्षा बोलली. ती माझ्याहून एक वर्ष मागे, रोज लांबून, गौतमपुऱ्याहून बसने यायची. आमच्या नाटकातली अर्धी वाक्यं तिचीच होती.

"दीदी, बुरा मत मानना हं," ती म्हणाली. "तू विचारतेस, पण ऐकत नाहीस. आम्ही बोलतो तेव्हा तू मनात जवाब जोडत असतेस."

कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. पण मीही हसले, तिचे आभार मानले, लक्षात ठेवीन म्हणाले. आमचे सर तिथेच होते. ते सगळ्यांना म्हणाले, "देखो, लीडर ऐसा होता है."

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे.

घरी पोहोचेपर्यंत मी मनात तिला उत्तरं देत होते. म्हणजे ती म्हणाली तेच करत होते — नाही का?

त्याच आठवड्यात मी प्रॅक्टिस चारवरून सहावर नेली. सहाला हॉल रिकामा असतो, असं सांगितलं. खोटं नव्हतं ते. चारलाही रिकामाच असायचा. सगळे हो म्हणाले. वर्षाची शेवटची बस सहानंतर थोड्याच वेळात सुटते, हे मला ठाऊक होतं — मीच तिला कितीदा स्टँडपर्यंत सोडलं होतं. ती बस चुकली तर मुलीला घरी काय काय ऐकावं लागतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं?

ती दोन-तीनदा आली. बॅग खांद्यावरून न उतरवता उभी राहिली, थोड्या वेळाने निघून गेली. मग मेसेज — दीदी, टाइम जमत नाहीये, सॉरी. सॉरी तिने म्हटलं. मी लिहिलं, अरे कोई बात नहीं, अभ्यासाकडे लक्ष दे. पुढे एक हसरा चेहरा.

तिची वाक्यं मात्र आम्ही नाटकात ठेवली.

पहिल्यांदाच काही हाती आलं होतं, ते जाईल म्हणून घाबरलीस, असं तुम्ही म्हणाल. घाबरले होतेच. पण बसची वेळ मला घाबरून आठवली नव्हती. ती मी शांतपणे आठवली.

गेल्या महिन्यात नव्या मुलांसमोर मला बोलायला लावलं — लीडरने टीका कशी ऐकावी. मी वर्षाचं वाक्य सांगितलं, नाव घेऊन, कौतुकाने. ती मागच्या रांगेत होती. टाळ्या पडल्या तेव्हा मला दिसली. तीही वाजवत होती. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बॅग उचलली आणि निघाली.

तिला कळलंय का? मी विचारलं नाही.

प्रॅक्टिस अजून सहालाच असते.