ठकीच्या वॉर्डातले घसे

लोणावळ्याच्या पावसात बंद कपाटातल्या बुटांवर बुरशी चढते, तसे आमच्या लहानशा इस्पितळातले किस्से माझ्याकडे साठले आहेत. अधूनमधून उन्हात टाकावेच लागतात!

एडिनबरोहून डॉक्टर होऊन आले, तेव्हा मावळातला घटसर्प मी वर्षभरात हद्दपार करणार होते. आणि झालं काय? पाय मोडला म्हणून दाखल झालेल्या चार वर्षांच्या ठकीला आमच्याच वॉर्डात घटसर्प झाला! म्हणजे जंतू आमच्यापैकीच कुणाच्या तरी घशात होते. मी फर्मान काढलं: सोमवारी सगळ्या नोकरांच्या घशात कापसाचा बोळा फिरवायचा आणि पुण्याला तपासायला पाठवायचा. जंतू सापडले की सक्तीची, बिनपगारी सुट्टी.

सोमवारी वॉर्डात एकटे कंपाउंडर नाना. तेही छत्री उघडत होते.

"बाई, तपासणीचा गुण आला! जंतू नाहीत, माणसंही नाहीत. मीही निघतो."

*

मग जाहीर केलं, सुट्टी भरपगारी! पुढच्या सोमवारी झाडून सगळे हजर. मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर धोंडिबाच्या वडिवळे गावच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. त्याने आ वासला तो मिटेचना. आणि नेमका त्याचाच घसा स्वच्छ निघाला.

"नीट बगा की बाई! लाजून आत बसलं असत्याल!"

*

नानांना मात्र सुट्टी नको होती. घरी सासूबाई आलेल्या. नानांनी तोंड उघडलं, तर जीभ, दात, टाळू सगळं जांभळं! जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करकरून आले होते.

"हे काय, नाना?"

"जांभळं खाल्ली."

"इतक्या पावसात?"

"मुरांबा, बाई!"

*

जंतू निघाले ते सखूमावशीच्या घशात. मावशी म्हणजे डोंगरातल्या वाडीवरची, आमच्या वॉर्डातली आया. ठकी दूध प्यायची ती फक्त तिच्या हातून. प्याली की मावशीचा हुकूम, "पूस त्वांड, मांजरी!"

"मला ना ताप, ना खोकला. मी आजारी कशी?"

"तुम्ही आजारी नाही, मावशी. पण घशात जंतू आहेत."

"मंग त्यास्नी ठिवा कोंडून! मला कशापायी?"

अंगणापलीकडच्या खोलीत तिला ठेवलं, आणि ठकीने दूध सोडलं.

तिचा घसा बरा झाला होता, पण घटसर्पाने हृदय नाजूक झालेलं. पोटात काही जायलाच हवं होतं. नानांनी माकड होऊन दाखवलं. मी इंग्रजी गाणी म्हटली. धोंडिबा तर लावणी भावावर टाकून उशाशी बसला. त्या दिवसांत एकानेही रजा मागितली नाही. ठकी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"बाई, बोलवा हो मावशीला," नाना म्हणाले.

वॉर्डात आणखी पाच मुलं होती. मी "नाही" म्हटलं आणि ठकीच्या खाटेजवळच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

अंगणापलीकडे मावशी खोलीच्या दारात आली. हातात पितळी पेला.

"ठके, ए ठके! हिकडं बग. मी पिती, तू बी पी!"

ठकी वळली. मावशीने पेला तोंडाला लावला. ठकीने आपला लावला. एक घोट तिकडे, एक घोट इकडे.

"तिच्या पेल्यात काय बी न्हाई, बाई," धोंडिबा माझ्या कानाशी कुजबुजला.

मावशीने शेवटी पेला उपडा करून दाखवला. ठकीनेही केला. मग सगळा जोर एकवटून ती ओरडली, "मावशे, पूस त्वांड!"

मावशीने पदर घेतला आणि कोरडे ओठ नीट पुसले.