गायकवाडबाईंची त्युतेल

गायकवाडबाई प्रश्न विचारून थांबत. इतकं थांबत, की समोरच्याला घाम फुटावा. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी येरवड्यात त्यांच्या घरी फ्रेंच शिकायला जाऊ लागलो, तेव्हा तो घाम माझा असे. बँकेत आयुष्यभर मी बोलायचो आणि लोक थांबायचे.

शिकवणीच्या खोलीतच त्यांची धाकटी बहीण मंगल बसे. वय पन्नाशीचं, समज लहान मुलीची. बाई तिच्या कायदेशीर पालक. चहा हवा की दूध, एवढं तिला विचारून बाई गॅस न पेटवता उभ्या राहत. मी एकदा न राहवून म्हणालो, "दूधच द्या, तब्येतीला बरं."

"तुम्हाला विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

माझी मुलगी फ्रान्समध्ये असते. तिच्या सासूबाईंना विस्मरण जडलं आणि कोर्टानं त्यांना 'त्युतेल'खाली ठेवलं, असा तिचा मेसेज आला. शब्दकोश पाहून मी ऐटीत बाईंना सांगितलं, त्युतेल म्हणजे पालकत्व.

"अर्धं बरोबर. हे मोठ्या माणसांनाही लागतं. स्वतःचं ठरवता येईना, की न्यायाधीश दुसऱ्याला नेमतात. कुणी फारच ताब्यात ठेवायला लागलं तरी लोक चिडून हाच शब्द वापरतात. तुमच्या मिसेस आहेत का तुमच्या त्युतेलखाली?"

उलट आहे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. बाई हसल्या, मग मंगलकडे बघत म्हणाल्या, "ठरवायचा अधिकार आपल्याकडे आला ना, की जास्त विचारायचं असतं."

पुढे बाईंना कॅन्सर निघाला. मंगलचं कसं होणार, या एकाच काळजीनं त्या खंगत गेल्या. तिला आमच्याकडे आणावं, असं आमच्या घरी ठरलं. म्हणजे बायकोनं ठरवलं आणि निरोप द्यायला मला पाठवलं. बाईंपुढे मी माणुसकीवर चांगलं लांबलचक बोललो.

"मला काय सांगता? तिला विचारा."

मी विचारलं. मंगलनं मला न्याहाळलं. "हे काका लई बोलतात," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी समजूत घालायला तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

थोड्याच दिवसांत बाई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर नातेवाईक मंगलचं काय करायचं ते आपापसांत ठरवू लागले. मी जाऊन तिच्याशेजारी बसलो. आमच्याकडे येणार का, एवढंच विचारलं आणि थांबलो. मला फार भीती वाटत होती, ती नाही म्हणेल याची. जेवणाची पानं उचलून झाली तरी ती काही बोलली नाही. मीही नाही.

मग तिनं आपली पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"चला काका," ती म्हणाली. "असंच गप चला."