टाकीतला राजा

मेलेला वळू पोळ्याच्या मिरवणुकीत फिरताना तुम्ही कधी पाहिला आहे? मी पाहिला आहे, माळव्यातल्या बागलीत, भर दुपारी. त्याला मिरवत होते आमचे थोरले मामा.

मामांचं काम गायी भरवण्याचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं. मोटरसायकलला बांधलेली ॲल्युमिनियमची पोटफुगी टाकी, आत धुमसता द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या वीर्याच्या बारीक कांड्या. काही कांड्या राजाच्या होत्या. राजा हा मानेशी काळसर, पांढरा मालवी वळू. तो जाऊन वर्षं लोटली होती, पण मामा म्हणत, "गेला कुठे? आत बसलाय." झाकण उघडण्याआधी ते दारावर करावी तशी टकटक करत. पांढरा धूर अंगणभर सरपटू लागला की गोठ्यातल्या गायी रवंथ थांबवत. राजाची पितळी घंटा मामांनी टाकीच्या गळ्यात बांधली होती. ती वाजली की राजाची वासरं, ज्यांनी बाप पाहिलाच नव्हता, आचळ सोडून टाकीकडे माना वळवत. मी विज्ञान मानतो, तरी माझ्या अंगावर काटा येई. मामींचं दुःख वेगळंच होतं. "पाहुण्यांना प्यायला गार पाणी नाही, आणि तुमच्या राजाला बर्फाची शेज!" समोरचे दूधवाले भिया तर रोज डिवचत, "मामासाब, जर्सी लगाओ. मालवी का बछड़ा हुआ तो किस काम का?" मामा उसळत, "तुम्हारी जर्सी मई में पंखा माँगेगी, भिया!"

ट्रॅक्टर आले आणि गल्लीत सजवायला बैलच उरले नाहीत. म्हणून त्या पोळ्याला मामांनी टाकीलाच झूल घातली, कुंकू लावलं आणि हातगाडीवरून वाजतगाजत गावभर फिरवली. खड्ड्याखड्ड्यात टाकी दणकत होती. घरी परतलो तर तिच्यावर बाहेरून बर्फ चढू लागला होता. मामांनी हात लावला आणि त्यांना कळलं. टाकीच्या दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली होती, नायट्रोजन उडून चालला होता. देवासहून दुसरी टाकी यायला उशीर होता. भियांची गाय मात्र नेमकी माजावर होती. मामांनी त्यांच्यापुढे हात जोडले, तेव्हा कुठे एक कांडी कामी आली. बाकीचा राजा धूर होऊन अंगणातून निघून गेला.

भियांच्या गायीला गोऱ्हा झाला. मानेशी काळसर. घंटा वाजली की यायचा आणि रिकामी टाकी चाटत उभा राहायचा. जरा मोठा होताच भियांनी त्याला टेम्पोत घालून दूर धामनोदच्या हमरस्त्यावर सोडला. मी भांडलो, तर उलट मलाच विचारलं, "दूध देगा क्या?" ज्याचं दूध निघत नाही त्याला रस्त्यावर फेकायचं, आणि याला आपण पशुधनाची प्रगती म्हणायचं! मामा मात्र रोज सांजेला रिकामी टाकी ओट्यावर आणतात, घंटा वाजवतात आणि कान देऊन बसतात. परवा हळूच म्हणाले, "ऐकली तर थांबेल रे तो. पण तिथवर आवाज कसा जायचा?"

तेव्हा धामनोदकडे निघालात तर गाडीत एक घंटा ठेवा. ढाब्यांपाशी उतरून वाजवा. मानेशी काळसर एखादा गोऱ्हा वळून उभा राहिला, तर त्याला हाकलू नका. बागलीला घेऊन या.