बालाजीच्या चार ओळी

बालाजी परवा गेला, आणि मी अजून त्याच्यावर जळून राहिलोय.

असं लिहू नये, माहितीय.
आई पण म्हणली, "मेलेल्या माणसावर काहून जळतो रे?"
सवय हाय आई. कॉलेजपासूनची.

ज्यांना तो माहीत न्हाई त्यांच्यासाठी. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावचा बालाजी. हिंगोलीच्या कॉलेजात माझ्याच बेंचवर. आमी दोघांनी एकाच दुपारी, एकाच नेट कॅफेत बसून ब्लॉग काढले.

माझ्या ब्लॉगवर पूर्णविराम नसलेल्या कथा. शेवटाकडून सुरू होणारी कादंबरी.
त्याच्या ब्लॉगवर मेलेली माणसं.

खरंच. गावात कुणी गेलं की त्या माणसावर चार ओळी. ब्लॉगचं नाव पण तेच, 'चार ओळी'.

पेपरात निधनवार्ता कशी येते, ठाऊकय ना? अल्पशा आजाराने. मनमिळाऊ स्वभाव. पश्चात मुलं, सुना, नातवंडं असा मोठा परिवार. सगळी माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी.

बालाजीनं लिहिलं होतं, "सखूबाई गेल्या. त्यांच्या एका हाकेवर मेंढ्या थांबायच्या. पोरं मात्र कधी थांबली न्हाईत."

मी म्हणलं, "हे काय साहित्य हाय का?"
"न्हाई रे. बातमी हाय."
"बातमी पेपरात असते."
"मग जाईल की पेपरात."

आणि गेली ना लेकाची!

दत्ताकाका आमच्याकडचे वार्ताहर. पेपरची एजन्सी पण त्यांचीच. आधी म्हणायचे, ब्लॉग म्हणजे रिकाम्या पोरांचा धंदा. पण लोक त्यांच्याच दुकानात येऊन म्हणायला लागले, "काका, आमच्या आबाचं बालाजीनं लिहिलंय तसंच छापा. तुमचं नको."

काका काय करतील? जिल्ह्याच्या पानावर चौकट सुरू झाली.
खाली लिहिलेलं असायचं, 'माहिती: गावकरी. शब्द: बालाजी.'

मग लोकांना चटकच लागली. कुणी तुटलेल्या पुलाचा फोटो पाठवी, कुणी सेनगावची एसटी आज पण आली न्हाई म्हणून कळवी. आज ब्लॉगवर, उद्या पेपरात. परवा पेपरातल्या चौकटीचा फोटो परत ब्लॉगवर, खाली लोकांच्या दुरुस्त्या. "धाकटी सून न्हाई, थोरली." "पूल आमच्या शिवारात हाय, त्यांच्या न्हाई." कोण वाचणारा अन् कोण लिहिणारा, काही कळेना.

प्रयोग म्हणून मी पूर्णविराम गाळत बसलो. खरा प्रयोग तिकडं चालू होता.

एकदा तर त्यानं जित्या माणसाला मारलं. शेजारच्या दोन गावांत एकाच नावाचे दोन किसनराव. गेले एक, चार ओळी आल्या दुसऱ्यावर. पेपरात पण तशाच छापल्या. मी मनातून लय खूश. म्हणलं, आता बसला हा.

बाजाराच्या दिवशी म्हातारा जीपमधून उतरला तो सरळ बालाजीसमोर.
"जिता हाय मी!"
"चुकलो आबा. पाया पडतो."
"चुकलास ते राहू दे. सगळं बराबर लिहिलंस, पण माझ्या बैलाचं नाव काहून न्हाई टाकलं?"

बालाजीनं ब्लॉगवर माफी मागितली, पेपरला पण छापायला लावली. बैलाच्या नावासकट. लोकांचा त्याच्यावरचा भरोसा उलट वाढला.

माझ्या चुका सांगायला आजवर कुणी जीप धरून आलं न्हाई.

मग त्याला कावीळ झाली. नांदेडला नेला, आणि तिथंच संपला.

परवाच दुपारी काकांचा फोन. "बालाजीचं तूच लिही बापू. तुझा दोस्त. संध्याकाळच्या आत दे."

खोटं कशाला बोलू? रडू यायच्या आधी डोक्यात आलं, चौकट आता माझी.

पानभर लिहिलं. काळ उलटा फिरवला. त्याच्या मरणापासून सुरू करून आमच्या बेंचवर आणून सोडलं. एक नंबर झालं होतं.

काकांचा परत फोन. "भारी लिहिलंस. पण ह्यात तूच लय हायस रे. बालाजी कुठं हाय?"
"म्हणजे?"
"ब्लॉग उघड त्याचा."

उघडला. त्याच्या शेवटच्या पोस्टखाली लोक लिहून राहिले होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"माझी माय गेली तवा अर्धा दिवस दारात बसून ऐकलं. एक शब्द लिहून घेतला न्हाई. तरी सगळं बराबर आलं."

"त्याला वांगं आवडत न्हाई हे आज कळलं. आमच्या घरी दर टायमाला खाल्लं त्यानं."

"दादा टाईप करताना रडायचा. कुणाला सांगू नको म्हणला होता." ही त्याची बहीण.

काका म्हणले, "हेच छापून राहिलो. तुला टाकायची तर एक ओळ टाक तिथंच. सगळ्यांसारखी."

सगळ्यांसारखी!
फोन ठेवला. लय राग आला.
मग टाईप केलं. पूर्णविरामासकट.

"माझा ब्लॉग तो शेवटपर्यंत वाचायचा. कळलं न्हाई म्हणून फोन करायचा. दुसरं कुणी करत न्हाई."

काल पेपर आला. चौकटीत गावोगावची नावं, त्यात माझं. पेपरात माझं नाव पहिल्यांदाच आलं. ते पण त्याच्या चौकटीत, वांग्याच्या खाली.

ब्लॉगवर वांग्याला माझ्यापेक्षा जास्त लाईक हायत. बघून आलो.

ही पोस्ट लांबली. पण एवढी सगळी वाचून "लेका, काही कळलं न्हाई" म्हणणारा फोन आता येणार न्हाई.

जा बालाजी. शेवटचा नमस्कार घे.